जुन्या कपड्यांतून लेकरांची वेशभूषा: नागपुरात दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस (दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरं नटून लाकडी बैल ओढत निघतात) आणि डिसेंबरातल्या गॅदरिंगच्या आधीचे पंधरा दिवस, या दोन मोसमांत माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज येतात. "ताई, सोमवारी फॅन्सी ड्रेस आहे, पोट्ट्याला मावळा करायचं आहे, घरात काहीच नाही." घरात काहीच नाही असं घर मी तरी अजून पाहिलेलं नाही. मी शिवणक्लासला कधी गेले नाही. स्वतःची दोन लेकरं आणि गल्लीतली आठ-दहा, एवढ्यांचे पोशाख करता करता जे जमलं आणि जे फसलं ते इथे लिहिते, म्हणजे दरवर्षी तेच तेच टाईप करायला नको.

भाड्याने मिळतं की! एवढा खटाटोप कशाला?

भाड्याने आणण्यात कमीपणा काही नाही. भरतनाट्यमचा पोशाख दागिन्यांसकट घरी करायला बसाल तर डोकं फिरेल. तो भाड्यानेच आणा. पण शेतकरी, मावळा, गाडगेबाबा, वाघ, भाजीवाली यांच्यासाठी भाडं मोजणं मला पटत नाही. भाड्याच्या कपड्यांत मापं तीनच असतात: लहान, मोठं आणि फार मोठं. वर डिपॉझिट. एकदा मी एका दुकानातून अंगरखा आणला. बाहीवर मेंदीचा डाग आधीपासून होता, मी नेताना पाहिला नाही, आणि परत करताना माझे ३०० रुपये कापले गेले. भांडले, उपयोग शून्य. तेवढ्या पैशांत आता माझे दोन-तीन पोशाख होतात. भाड्याने आणायचंच असेल तर दुकानातच कपडा उलगडून, बाह्या उलट्या करून फोटो काढून घ्या.

जुने कपडे आणायचे कुठून?

आधी घरातून. आजीची पेटी, सासऱ्यांचे कुर्ते, दिवाणाखाली दाबून ठेवलेल्या त्या साड्या, ज्या टाकवतही नाहीत आणि नेसवतही नाहीत. मग शेजार. "काकू, एखादी जुनी काठाची साडी आहे का हो?" एवढं विचारलं की बहुतेक घरांतून दोन निघतात.

तिसरा मार्ग म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया. आपण त्यांना कपडे देतो, पण त्यांच्याकडून विकतही घेता येतात हे फारसं कुणाला सुचत नाही. गल्लीत आल्या की गाठोडं सोडायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या मावशी आता पोळ्याच्या आधी स्वतःच काठाच्या साड्या बाजूला काढून ठेवतात. घासाघीस करा, पण हद्दीत. त्या बाया उन्हातान्हात डोक्यावर ओझं घेऊन फिरतात. आठवडी बाजारातही जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. तिथे सकाळी गेलं तर निवड चांगली मिळते, उठायच्या वेळी गेलं तर भाव चांगला मिळतो.

नवं कापड घ्यायचंच झालं, म्हणजे अस्तराला किंवा पट्टीला, तर गांधीबागेत कटपीस बघा. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लेस, नाडी, बटणं घ्यायला जाते मी, पण तिथे गेलं की नको त्या चार वस्तू घेऊन परत येणं होतं. यादी लिहून न्या.

ढिगातून कपडा निवडताना काय बघायचं?

रंग आणि भरतकाम नंतर. आधी कापडात जीव आहे का ते बघा. दोन्ही अंगठे एकमेकांजवळ ठेवून कापड हलकेच ताणायचं. टर्र असा बारीक आवाज आला तर ते कापड कुजलंय, फुकट मिळालं तरी नको. मग उजेडासमोर धरायचं. साडी घडीवर विरते, विशेषतः रेशमी साडी वर्षानुवर्षं त्याच घडीत राहिली तर. टाचेकडचा भाग घासलेला असतो. पण पदर आणि आत खोचला जाणारा भाग बहुधा धडधाकट निघतो, आणि लेकराच्या पोशाखाला तेवढंच लागतं.

शर्ट-कुर्त्यात काख आणि कॉलर बघा. कॉलर कापून टाकता येते, काखेतला पिवळा डाग काही केल्या जात नाही. शिलाईत आत किती कापड सोडलंय तेही बघा. जुन्या टेलरने शिवलेल्या कपड्यात बरंच सापडतं, रेडिमेडमध्ये जेमतेम.

आणि नक्षी जवळून बघून हुरळून जाऊ नका. स्टेजवरून दिसतो तो रंग, काठ आणि डोक्यावरचं काय ते. आमच्या मामांकडे गडचिरोलीतल्या वडशाच्या बाजूला लहानपणी रात्र रात्र झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची, नाटकं बघितली. मागे बसलं तरी राजा कोण ते लगेच कळायचं. सकाळी तेच कपडे वाळत घातलेले दिसले, तर साधं चमकी कापड आणि रुंद जर! बारीक कशिद्यावर पैसे घालवायचे नाहीत हे मी तिथे शिकले.

दुसऱ्यांचे उतरवलेले कपडे लेकराला घालावेत का? घरचे नको म्हणतात.

आपल्याकडे तान्ह्या बाळाचं पहिलं दुपटं जुन्या सुती लुगड्याचंच असतं. हे सासूबाईंना आठवण करून द्या आणि विषय बदला.

ते स्वच्छ कसे करायचे?

घरात आणल्या आणल्या पलंगावर टाकू नका. पिशवी बाल्कनीतच उघडा. सुती असेल तर कडक गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजवा, रंग जातो का ते आधी कोपरा भिजवून बघा. मग उलटं करून उन्हात. उन्हाची आपल्याकडे कमी नाही. पण पोळा पडतो श्रावणाच्या अमावस्येला, तेव्हा ऊन कुठून आणणार? तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळवून शिलायांवरून गरम इस्त्री दाबत न्यायची. ढेकूण किंवा त्याची अंडी असतील तर ती शिलाईतच असतात. डांबर गोळीचा वास धुऊन पटकन जात नाही. दोन-तीन दिवस वाऱ्यावर टांगून ठेवावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी पेटी उघडून भागत नाही.

सुती की सिंथेटिक, कळणार कसं?

आतल्या शिलाईतून दोन-चार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि ओट्यावर, पाण्याची वाटी जवळ ठेवून, काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो, मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

हे कळणं का महत्त्वाचं? रंग, इस्त्री आणि दिवा, तिन्हीसाठी. मी एका झकास मरून शेरवानीवर सुतीची इस्त्री फिरवली होती. पाठीवर इस्त्रीचा आकार जसाच्या तसा उमटला आणि इस्त्रीच्या बुडाला चिकटलेलं प्लास्टिक खरवडायला संध्याकाळ गेली. शेवटी पाठीवरून मोठा शेला सोडला. बक्षीस मिळालं, पण पोराला सांगून ठेवलं होतं, "पाठ फिरवायची नाही, बाप्पा."

माझ्याकडे मशीन नाही.

नसू द्या. एका दिवसाच्या कपड्याला हाताचा धावदोरा पुरतो. ताण येणारी जागा, म्हणजे काख, खांदा, नेफा, तेवढी दुहेरी दोऱ्याने उलट टाक्यात घ्या. स्टेपलर नको. पिना आत वळतात आणि लेकरू नेमकं स्टेजवर रडतं. सेफ्टी पिना चालतील, पण त्या कपड्याच्या दोन थरांमध्ये लपवून, अंगाला न लागता. पाठीमागे बटणांऐवजी वेल्क्रो लावा. शाळेत कपडे बदलून देणाऱ्या मॅडम दुवा देतील. फेव्हिकॉलने कापडाला कापड चिकटतं, पण वाळलं की पुठ्ठ्यासारखं होतं आणि ओलं झालं की सुटतं.

मावळा करायचा आहे. सुरुवात कुठून?

आधी एक सांगते. पहिल्यांदा करत असाल तर महाराज नको, मावळा करा. महाराज म्हटलं की जिरेटोप, दाढी, माळ, कट्यार सगळं नीट हवं, आणि चुकलं की प्रेक्षकांतला प्रत्येक जण जाणकार. मावळा मोकळाढाकळा असतो.

घरातला मोठ्या माणसाचा पांढरा किंवा फिका सुती कुर्ता घ्या. ४० नंबरचा कुर्ता सात वर्षांच्या पोराला घोट्यापर्यंत येतो. आता इथे सगळे जण कात्री घेतात आणि खालून कापतात. कापू नका! खालची तयार पट्टी जाते, ती परत दुमडत बसावं लागतं, आणि पुढच्या वर्षी तो कुर्ता कुणालाच येत नाही. त्याऐवजी कमरेशी आतल्या बाजूला चार इंचांची आडवी दुमड घाला. चार इंच दुमडलं की आठ इंच लांबी कमी होते. लांब लांब टाके घाला. वरून शेला बांधला की दुमड कुणाला दिसत नाही. उलट कमरेखाली घेर फुगून अंगरख्यासारखा पडतो, तो फायदा वेगळाच.

खांद्यांवर दोन्हीकडे दोन-दोन इंचांच्या चुण्या घ्या. बाही मनगटाशी इलॅस्टिकने आवळा, वर फुगू द्या. पुढे गळ्यापासून कमरेपर्यंत मधोमध कापा. मोठ्या माणसाची छाती आणि लेकराची छाती यांत इतका फरक असतो की एक बाजू दुसऱ्यावर सहज ओढून घेता येते. ती बाजूला नाड्यांनी बांधायची. नाड्या जुन्या साडीच्या काठाच्याच करा, कुर्ता लगेच उठून दिसतो. तोच काठ गळ्याला आणि बाह्यांना.

खाली आईचा जुना चुडीदार, नेफ्यात इलॅस्टिक. शेला म्हणजे साडीची सहा इंच रुंद उभी पट्टी, दोन-अडीच मीटर.

फेटा डोक्यावर बांधू नका, जुन्या कापडी टोपीवर बांधा आणि जागोजागी टाके मारा. तीन मीटर कापड लहान डोक्याला पुष्कळ झालं. टोपीवरचा फेटा दिवसभर सुटत नाही आणि लेकराला स्वतःला काढता-घालता येतो. मिशी काजळाची, अगदी शेवटी काढा, नाहीतर घाम पुसताना गालभर होते. तलवार पुठ्ठ्याची. ती पाच मिनिटांत मोडणार आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

सगळ्यात स्वस्तात कोणता पोशाख होतो?

गाडगेबाबा. आणि आपल्या विदर्भाचे म्हणून मला तो सगळ्यात आवडतोही. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, सोबत गाडगं आणि खराटा. एवढं असलं की तीन वर्षांचं लेकरूही "बाबा!" म्हणून ओळखतं.

खाली सैलसर जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट घ्या, कॉलर काढून. त्यावर चिंध्या लावायच्या. इथे चूक अशी होते की आपण कात्रीने सारखे चौकोन कापतो आणि बाबांऐवजी बुटीकमधलं पॅचवर्क तयार होतं. कापड फाडा. छोटी खाच द्या आणि हाताने फाडा, कडा आपोआप दशा सुटलेल्या मिळतात. तुकडे लहान-मोठे, एकावर एक चढलेले, काही अर्धवट लोंबणारे. रंग राखी, मातकट, विटका निळा, मध्येच एखादा जुन्या लुगड्याचा हिरवा. दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्या आणि टाके वाकडे घाला. शिवण येत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगला पोशाख नाही.

गाडगं मातीचं देऊ नका, जड होतं आणि पडलं तर पायावर फुटतं. प्लास्टिकचा वाडगा उलटा धरून त्यावर फेव्हिकॉलने वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा, वाळल्यावर गेरू फासा. कवडी कानाला दोऱ्याच्या वळशाने अडकवा. बांगडीची काच खरी नको, प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा कडा घासून.

माझा खर्च सांगते: शर्ट घरचा, खराटा घरचा, वाडगा घरचा, भांडेवाल्या मावशींकडचं विरलेलं लुगडं ४० रुपये, गेरू आणि कवडी मिळून २० रुपये. ६० रुपयांत बाबा.

आणि हो, पहिल्या वर्षी मी कपड्यांना मुद्दाम माती चोळली होती. कार्यक्रमानंतर एक आजोबा जवळ आले आणि म्हणाले, "बाई, बाबा फाटके होते, मळके नव्हते." गावं झाडत फिरलेल्या माणसाच्या वेषात मी घाणेरडं लेकरू उभं केलं होतं. तेव्हापासून चिंध्या धुऊन, वाळवून लावते.

नऊवारी सहावारीतून होते का?

लेकराची होते, आरामात. सहावारी म्हणजे साडेपाच मीटर; सात-आठ वर्षांच्या मुलीला निम्मीसुद्धा पुरते. सुती घ्या. आईची लेगिंग आधाराला घेऊन त्यावरच निऱ्या आणि कासोटा टाक्यांनी पक्का करा, म्हणजे ती पॅण्टसारखी चढवता येते. शाळेत बाथरूमला जायची वेळ आली की माझी आठवण काढाल. पदर खांद्यावर पिन करून सोडा, फार लांब नको.

वाघ?

ताडोबा आणि पेंच इतके जवळ असल्यावर दर गॅदरिंगला चार तरी वाघ असणारच. पिवळा-केशरी टी-शर्ट, तशीच लेगिंग. पट्टे जुन्या काळ्या टी-शर्टचे कापा. बनियनच्या कापडाच्या दशा सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडायच्या नाहीत. पट्टा पाठीकडून पोटाकडे निमुळता होत संपला पाहिजे. अंगाभोवती गोल फिरवला की वाघाची मधमाशी होते, मी केली आहे. शेपटी म्हणजे लेगिंगचा एक पाय, आत कात्रणं भरून. ती इलॅस्टिकला टाचू नका, लेगिंगच खाली ओढली जाते. आतून कमरेला नाडी बांधून तिला शिवा.

कपडा जुनाट दिसावा म्हणून रंग कसा द्यायचा?

सुती असेल तर चहा. लिटरभर पाण्यात चार चमचे पत्ती उकळून गाळा, कपडा आधी साध्या पाण्यात ओला करून पिळा, मग अर्धा तास चहात, मध्ये मध्ये हलवत. कोरडाच टाकला तर ठिपके पडतात. हळदीचा पिवळा सुंदर येतो, पण साबण लागला की लाल होतो. शेजारच्या ताईंचा पिवळा विठोबा कार्यक्रमाच्या सकाळी असाच कुंकवासारखा झाला, हातावरच्या साबणाने. पॉलिस्टर यातलं काहीच धरत नाही. त्याला ॲक्रेलिक रंग स्पंजने टिपा आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.

तान्ह्या पोळ्याला पाऊस आला तर?

येतोच. म्हणून क्रेप कागद नको. मी मुलीला कमळ केलं होतं, गुलाबी क्रेपच्या पाकळ्या, पांढरा फ्रॉक. लाकडी बैल ओढत कोपऱ्यापर्यंत गेलो, झिमझिम सुरू झाली आणि घरी येईस्तोवर फ्रॉक, हात, बैलाची पाठ, सगळं गुलाबी. बैल अजून तसाच आहे. पाकळ्या जुन्या ओढणीच्या करा, मैद्याच्या नाहीतर साबुदाण्याच्या खळीत बुडवून पसरून वाळवा, कडक उभ्या राहतात. खळ मात्र पावसात मऊ पडते. पावसाचा अंदाज असेल तर कडेने आतून बारीक तार घाला आणि तारेची टोकं कापडात गुंडाळा.

आणखी एक. तान्हा पोळा असतो त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी काढतात त्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. राहिलेलं सामान त्या दिवशी इतवारी-महालातून आणू म्हणाल तर गर्दीत अडकाल. दोन दिवस आधी उरका.

टेलरकडून करून घेतलं तर?

करा, पण "मावळा शिवून द्या" म्हणू नका, नव्या ड्रेसची शिलाई सांगतील. काय हवं ते तुकड्यात सांगा: इथे चुण्या, इथे इलॅस्टिक, इथे पट्टीवर टीप. तो आल्टरचा भाव. आमचे टेलरभाऊ सणाच्या आठवड्यात दारातूनच हात जोडतात, म्हणून आधी जा.

लेकरू घालायलाच तयार नाही.

नव्वद टक्के वेळा ते टोचत असतं. जरीचा काठ, आतला लेबल, लेसची मागची बाजू. आत जुना मऊ बनियन घाला आणि गळ्यापाशी आतून सुती पट्टी लावा. दोन दिवस आधी घरात घालून अर्धा तास खेळू द्या. कुठे फाटतं, कुठे पाय अडकतो, सगळं तेव्हाच कळतं. तरीही नाही म्हणालं तर राहू द्या. मी एकदा जबरदस्तीने झाशीची राणी केली होती. राणी स्टेजच्या पायरीवर बसून रडली आणि मग वडापाव खाल्ला.

काय टाळायचं?

गळ्यात बांधायची दोरी. झगा असो की शेपटीवाली टोपी, खांद्यावर वेल्क्रो लावा, ओढलं की सुटणारं. घोट्याखाली येणारी लांबी. चेहरा झाकणारा मुखवटा, त्याऐवजी डोक्यावर बसणारा करा. आणि पॉलिस्टर-नायलॉनचं कापड घातलेलं लेकरू दिव्याजवळ, आरतीजवळ नाही. ते पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. हातात पणती घ्यायची असेल तर पूर्ण सुती कपडा हवा, ओढणीसकट.

कार्यक्रम झाल्यावर या कपड्यांचं काय करता?

खळ धुऊन काढते. न धुता ठेवलं तर झुरळं येतात, एका वर्षी उंदराने कमळाच्या तीन पाकळ्या खाल्ल्या. मग पिशवीत भरून वर चिठ्ठी: कोण, किती वर्षांचा, काय कमी पडलं. गल्लीत ज्याला लागेल तो नेतो आणि धुऊन परत देतो.

सासऱ्यांचा तो पांढरा कुर्ता आतापर्यंत चार पोरांनी घातला. प्रत्येकासाठी कमरेची दुमड थोडी थोडी उसवत गेले: चार इंच, तीन, दीड. मागच्या डिसेंबरात सातवीतल्या पोराला दिला तेव्हा उसवायला काहीच उरलं नव्हतं. सासरे बघत होते. म्हणाले, "झाला ना पुरा? मग आता माझा मला दे."